नाशिकची चाकं मेलबर्नला नेताना

ऑस्ट्रेलियात माती नेता येत नाही. कुंभारकामाचा घरचा स्टुडिओ तिकडे हलवायचा, तर आधी हेच पचवावं लागतं. तिथल्या जैवसुरक्षेच्या नियमांत वापरलेल्या सामानाला चिकटलेली मातीसुद्धा चालत नाही, आणि आमच्याकडे मातीत न माखलेली वस्तू कुठली? चाकं, थाप्या, फळ्या, सगळं अंगणात काढून प्रेशरवॉशरने धुतलं. खाचांमधली माती टूथब्रशने खरवडली. आमच्या घरातले ज्येष्ठ कुंभार आप्पा चिडले. "इतकं धुतल्यावर ते चाक राहतं का?"

पॅकिंगचं दुसरंच. आपल्याकडे भांडी पेंढ्यात भरतात. तिकडे पेंढा बंद. खोकी लाकडी असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं हवं, वर तसा शिक्का हवा. अशी खोकी मुंबईत शोधत बसलो आणि मिळाली पिंपळगावला! द्राक्षं एक्स्पोर्ट करणाऱ्यांना पॅलेट, शिक्के, न्हावाशेवाची कागदपत्रं, सगळं तोंडपाठ. क्लिअरिंग एजंटही त्यांच्याच ओळखीतला. नाशिककरांनी परदेशी काही पाठवायचं झालं तर आधी द्राक्षवाल्यांना गाठावं.

भट्टी नेली नाही. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे चाकांच्या मोटरींचे फक्त प्लग बदलले. पण भट्टीच्या विटा प्रवासात टवके उडून खराब होतात, आणि तिथे जोडणी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी लागते. तिथेच सेकंडहँड घेतली. व्हिसा आणि जागेचा करार यांत लिहिण्यासारखं काही नाही, नुसता कंटाळा. मुलांचे वर्ग घ्यायचे असतील तर 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक', म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांची सरकारी पार्श्वभूमी-तपासणी, मात्र आधी काढून ठेवा.

वर्ग सुरू झाले तसा आप्पांनी झाडू मागितला. तो मिळाला नाही. सुक्या मातीतली सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, म्हणून तिथे ओल्या फडक्यानेच पुसायचं. हे आपल्याकडे कधीच सुरू व्हायला हवं होतं.

माती पिशवीतून तयार येते, यावर आप्पांचा अजून राग आहे. "मळली नाही तर हाताला कळणार कशी?" विद्यार्थ्यांना हवा असतो डिशवॉशरमध्ये टिकणारा मग. त्याला स्टोनवेअर, म्हणजे १२०० अंशांच्या वर भाजणं आलं. आपला माठ त्यापेक्षा बराच कमी भाजतो, म्हणून पाझरतो. एकीने विचारलं, गळका माठ विकता कसा? आप्पा हसले, मी भाषांतर केलं: पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं.

वाळवण्याचं गणितही उलटं झालं. नाशिकच्या एप्रिलमध्ये भांडं तडकू नये म्हणून प्लास्टिकने झाकायचं. मेलबर्नच्या जुलैत कान जोडलेला मग आठवडा गेला तरी ओलाच. तसाच भट्टीत घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतो. म्हणून हिवाळ्याची बॅच आम्ही मुद्दाम लांबवतो. माठाचा वर्ग आप्पा फक्त डिसेंबरात घेतात, तिथल्या उन्हाळ्यात, आणि त्यात ग्लेझचा, म्हणजे भांड्याची छिद्रं बुजवणाऱ्या काचेसारख्या लेपाचा, डबा उघडू देत नाहीत.