वाटून आलेला आकडा

सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन आला तेव्हा महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या उत्पन्नवाढीवरच्या आमच्या अहवालातले, २०३५-३६ पर्यंतच्या तीन परिस्थितींचे ('असं झालं तर' धर्तीच्या अंदाजांचे) आलेख छपाईला जायच्या बेतात होते. पलीकडे मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी. मसुदा त्यांच्याकडे अभिप्रायासाठी गेला होता. "मॅडम, वाढीचं कारण म्हणून तुम्ही बँकांची कर्जं घेतलीत. उत्तर चांगलं येणारच की. बँकिंगच्या उत्पन्नाचा राज्याचा आकडा जिल्ह्यांत वाटून देतात तो असल्याच, कर्जांच्या मोजपट्टीवर."

त्या एका वाक्यात अर्धा अहवाल गेला.

मॉडेल तसं नेहमीचंच होतं. जिल्हानिहाय उत्पन्नाची मालिका, २०११-१२ च्या स्थिर किमतींना (म्हणजे महागाई वगळून), २०११-१२ ते २०२२-२३. जिल्हे ३६, पण मुंबई शहर आणि उपनगर एकत्र धरलेले, आणि १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झालेला पालघर पुन्हा ठाण्यात मिसळलेला, म्हणून एककं ३४. वाढ काढताना पहिलं वर्ष खर्ची पडतं, तेव्हा ११ वर्षं गुणिले ३४, एकूण ३७४ निरीक्षणं. समीकरणात डावीकडे दरडोई उत्पन्नाच्या लॉगमधला वार्षिक बदल, म्हणजे ढोबळ वाढीचा दर. उजवीकडे आदल्या वर्षीची पातळी, दरडोई बँक कर्ज, सेवाक्षेत्राचा वाटा, पावसाची तूट आणि जिल्ह्याचे व वर्षाचे फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक जिल्ह्याचं आणि वर्षाचं आपलं वेगळेपण बाजूला काढणारी पदं). गुणांकांची चिन्हं हवी तशी, टी-मूल्यं (गुणांक योगायोगाचा नसल्याची खूण) भरभक्कम. जिल्हा पातळीवरची आकडेवारी इतकी शहाण्यासारखी वागायला लागली की खरं तर तेव्हाच शंका यायला हवी.

जिल्ह्याचं उत्पन्न दोन तऱ्हांनी तयार होतं. पिकं, खनिजं यांसारख्या क्षेत्रांत उत्पादन जिल्ह्यातच मोजलेलं असतं: पीक कापणी प्रयोगावरून (निवडक शेतांतलं पीक कापून, तोलून) उत्पादकता, तिला क्षेत्राने गुणायचं, मग किंमत लावायची आणि निविष्ठांचा खर्च वजा करायचा. उरलेल्या बऱ्याच क्षेत्रांत आधी राज्याचा आकडा ठरतो आणि तो एखाद्या निर्देशकाच्या प्रमाणात जिल्ह्यांत वाटला जातो. रेल्वेला मार्गाची लांबी, असंघटित उत्पादनाला कामगारसंख्या, प्रशासनाला कर्मचारी किंवा वेतन, बँकिंगला ठेवी-कर्जं, अशा जातीची मोजपट्टी. यात लपवाछपवी काही नाही, पद्धतीच्या टिपेत ते लिहिलेलं असतं. आकडे उतरवून घेणारे टीप वाचत नाहीत, एवढंच.

दुपारपर्यंत एकच तपासणी चालली. कोणीही एक्सेलमध्ये करू शकेल. एका क्षेत्राचं जिल्हानिहाय मूल्यवर्धन घ्या, संशयित निर्देशकाने भागा आणि प्रत्येक वर्षी ३४ भागाकारांचा विचरण गुणांक (सरासरीच्या तुलनेत ते किती विखुरलेत ते) काढा. आकडा खरोखर मोजलेला असेल तर भागाकार विखुरतात, कारण रुपयामागची उत्पादकता सगळीकडे सारखी नसते. वाटलेला असेल तर सगळे भागाकार एकच येतात आणि गुणांक शून्यावर बसतो. दुसरी खूण त्याहून सोपी: क्षेत्राची जिल्हानिहाय वाढ ओळीने लावून पाहा. राज्याचा दर ६ टक्के आणि ३४ जिल्ह्यांचाही दशांशापर्यंत ६ टक्केच आला, तर वाटपाचं प्रमाण गोठलेलं आहे. मधेच एका वर्षी सगळे जिल्हे इकडेतिकडे उसळले, तर त्या वर्षी बहुधा नवी पाहणी हाती आली आणि प्रमाणं बदलली. तिथे कारखाना शोधायला जाऊ नये.

बँक कर्ज उडालं, त्याचं फारसं दुःख नाही. जिव्हारी लागला तो सेवाक्षेत्राचा वाटा. गोठलेल्या प्रमाणांमुळे वाटलेल्या क्षेत्रांपुरती जिल्ह्याची वाढ म्हणजे राज्याच्या क्षेत्रनिहाय दरांची त्या जिल्ह्याच्या रचनेनुसार काढलेली भारित सरासरी. राज्यात सेवाक्षेत्र वेगाने वाढलं की ज्या जिल्ह्याच्या खात्यावर सेवा जास्त तो आपोआप वेगवान दिसतो. 'सेवांमुळे वाढ होते' हा आमचा ठळक टायपातला निष्कर्ष त्या जिल्ह्यात कुठे काही घडलं म्हणून आलेला नव्हता, वाटपाच्या गणितानेच आणून दिलेला होता. 'सेवांचा वाटा वाढवला तर' ही तिसरी परिस्थिती त्याच गुणांकावर उभी होती.

मग बाकीचं मॉडेलही उलटंपालटं करून झालं. मागास जिल्हे पुढच्यांना गाठण्याचा वेग संशय यावा इतका जास्त होता. फिक्स्ड इफेक्टसह आदल्या वर्षीची पातळी घातली आणि वर्षं थोडी असली, की त्या पातळीचा गुणांक खाली ओढला जातो, आणि तो जितका लहान तितकी दरी झपाट्याने मिटताना दिसते. अर्थतज्ज्ञ स्टीफन निकेल यांनी १९८१ मध्ये दाखवलेला दोष. ढोबळ सूत्र: एक अधिक खरा गुणांक, भागिले कालखंडांतून एक वजा. डावीकडे बदलाऐवजी पातळी धरून खरा गुणांक ०.९८ आणि कालखंड ११ असतील तर खोट सुमारे ०.२ ची, म्हणजे हाती ०.७८ येणार. दरी निम्मी व्हायला खरी ३४ वर्षं लागत असताना मॉडेल सांगतं, तीन वर्षांच्या आत. विकासाच्या अनुशेषावर चार दशकं वाद चाललेल्या राज्यात हा आकडा छापला असता तर काय झालं असतं ते बोलायला नको. दोष काढायच्या पद्धती आहेत, पण ३४ एककांवर त्या फार डळमळतात. आम्ही तो गुणांक अंदाजायचा नाही असं ठरवलं. परिस्थितीगणिक तो बाहेरून द्यायचा आणि तसं लिहायचं.

पर्याय म्हणून रात्रीच्या प्रकाशाची उपग्रह-आकडेवारी घेतली. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाची मासिक चित्रं २०१२ पासून मिळतात. वाटपाशी तिचा संबंध नाही हे तिचं मोठं सुख. दुखणी वेगळी: जुलै-ऑगस्टमध्ये कोकणावर ढग, म्हणून ते महिने गाळून ऑक्टोबर ते मेची मध्यका (मधलं मूल्य) धरावी लागते, उरणकडच्या वायूच्या ज्वाळा झाकाव्या लागतात, आणि शेतीतली वाढ प्रकाशात जवळपास दिसतच नाही. वीजविक्री त्याहून अवघड. ती जिल्ह्यानुसार नाही, वितरण मंडळानुसार मिळते, आणि मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर हा स्वतःच अंदाज. जीएसटीचं तर नावच नको, माल कुठेही बनो, नोंद मुख्यालयाच्या पत्त्याला चिकटू शकते.

दरडोईचा छेद, म्हणजे लोकसंख्या, तीही तपासली. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणजे २०११ नंतरची प्रत्येक जिल्ह्याची लोकसंख्या प्रक्षेपित. पुणे-ठाण्यात स्थलांतर प्रक्षेपणापेक्षा जास्त झालं असेल तर तिथलं दरडोई फुगलेलं. शिवाय हे उत्पन्न जिल्ह्यात निर्माण होणारं, तिथल्या माणसांच्या हाती पडणारं नव्हे. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीजकेंद्र चंद्रपूरच्या खात्यात दिसतं. त्याचा नफा तिथल्या घरांत जातो असं नाही.

दुष्काळाची परिस्थिती मात्र टिकली, कारण ती मोजलेल्या आकड्यांवर होती. तिथे चूक आमचीच. सुरुवातीचं वर्ष २०१५-१६ धरलं होतं, लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचं वर्ष, ज्याच्या पाठोपाठ एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उत्पन्न २० टक्के घसरलं की नुसतं मूळ पातळीवर यायला २५ टक्के वाढ लागते, आणि मॉडेल ती भरपाई 'प्रगती' म्हणून पुढे दहा वर्षं ओढत नेतं. आता सुरुवातीला तीन वर्षांची सरासरी.

अंतिम तक्त्यात प्रत्येक क्षेत्रासमोर 'मोजलेले' किंवा 'वाटलेले' असा स्तंभ घातला. वाटलेल्या क्षेत्रांना जिल्ह्याचा वेगळा दर दिला नाही, राज्याचाच लावला. सेवांची परिस्थिती काढून टाकली. संध्याकाळी सुधारित तक्ता त्या अधिकाऱ्यांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: पशुधनासमोर 'मोजलेले' लिहिलंय, तिथेही गणना पाच वर्षांनीच होते, मधली वर्षं कशी भरली ते एकदा विचारून घ्या.