पॅनकेक हाउसमध्ये आधी साधा बटरमिल्क मागवा

शिकागोच्या उपनगरांत, मग ते नेपरव्हिल असो की शॉमबर्ग, गाडीने थोडं फिरलं की एखादं पॅनकेक हाउस, म्हणजे न्याहारीचं रेस्टॉरंट, लागतंच. सकाळी सहा-सातला उघडतं, दुपारी दोन-तीनला शटर खाली. त्यातली बरीचशी ग्रीक कुटुंबांची, म्हणून मेनूत पालक आणि फेटा चीजचं ऑम्लेट हमखास. मेनू लांबलचक आणि फोटोंनी भरलेला. नवखा माणूस स्ट्रॉबेरी, चॉकलेट चिप आणि क्रीमच्या डोंगरावर बोट ठेवतो आणि चौथ्या घासाला कंटाळतो. नव्या ठिकाणी पहिल्यांदा साधा बटरमिल्क पॅनकेकच मागवावा. पीठ आणि तवा कसा आहे हे त्यात लपत नाही.

चांगल्या पॅनकेकचा वरचा भाग एकसारखा तांबूस, कडा फिकट आणि मऊ, जाडी साधारण अर्धा इंच. काट्याने दाबून सोडला की तो परत वर यायला हवा. आत लहान-मोठी भोकं असतात आणि बटरमिल्कचा हलका आंबटपणा जिभेला कळतो. रंगावर गोल गोल नक्षी किंवा करपट वेलबुट्टी दिसली तर तव्यावर लोणी-तेल जास्त पडलंय असं समजा. नीट तापलेल्या, जेमतेम तेलाचा हात फिरवलेल्या तव्यावरच रंग सारखा येतो. हा तवा म्हणजे सपाट लोखंडी ग्रिडल, तापमान साधारण 375 अंश फॅरनहाइट, म्हणजे 190 सेल्सियस. त्याहून गरम असेल तर बाहेरून काळपट आणि मधोमध कच्चं पीठ. थंड असेल तर पॅनकेक पांढुरका, पसरट आणि चिवट, कारण रंग यायची वाट बघता बघता आतलं पाणी उडून जातं.

घावन करणाऱ्याला जाळीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. इथे मात्र जाळी ही उलटायची खूण. बुडबुडे फुटून भोकं उघडीच राहिली आणि कडेची चमक गेली की उलथायचं, तेही एकदाच. दुसऱ्या बाजूला पहिलीच्या निम्मा वेळ पुरतो. उलथण्याने दाबला की हवा गेली, मग तो पुन्हा फुगत नाही. गर्दीच्या वेळी घाईतल्या स्वयंपाक्याकडून नेमकं हेच होतं. काउंटरवर बसायला मिळालं तर तवा समोर दिसतो, म्हणून दोघंच असाल तर टेबलापेक्षा काउंटर बरा.

रबरासारखा पॅनकेक आला तर पीठ जास्त घोटलेलं असतं. मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. गुठळ्या थोड्या राहिल्या तरी चालतात, किंबहुना राहायलाच हव्यात. मध्येच कडवट, साबणासारखा घास लागला तर खाण्याचा सोडा नीट मिसळलेला नाही. बसका आणि घट्ट असेल तर पीठ फार वेळ पडून राहिलंय. बटरमिल्कची आंबट बाजू सोड्याला भेटली की वायू लगेच सुटायला लागतो. बेकिंग पावडर उरलेलं काम तव्याच्या उष्णतेत करते, पण तीही तासन्‌तास थांबत नाही. दुकान बंद व्हायच्या वेळी गेलात तर ही जोखीम अधिक.

घरी करून बघायचं असेल तर अडीचशे ग्रॅम मैदा, 480 मिली बटरमिल्क, दोन अंडी, दोन मोठे चमचे साखर, एक-एक छोटा चमचा सोडा आणि बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, तीन मोठे चमचे वितळलेलं लोणी. आपलं पातळ ताक इथे चालत नाही. दुकानातलं कल्चर्ड बटरमिल्क दाट असतं. ते नसेल तर दही थोड्या पाण्याने सैल करून घ्या.

आता ऑर्डर. शॉर्ट स्टॅक म्हणजे कुठे दोन, कुठे तीन पॅनकेक. फुल स्टॅक तीनपासून पाचपर्यंत. आकडा विचारून घ्यावा. दोघांनी एक शॉर्ट स्टॅक आणि एक अंड्याची प्लेट वाटून घेतली की गोड-खारट दोन्ही होतं आणि पोटही तडस लागण्याआधी थांबतं. एका डिशवर दोन प्लेट मागितल्या तर काही ठिकाणी थोडा जास्त आकार लावतात. मुलांसाठी सिल्व्हर डॉलर पॅनकेक, दोन-तीन इंचांचे. ब्लूबेरीचे मागवले आणि मधे हिरवट-निळे डाग दिसले तर घाबरू नका. ब्लूबेरीचा जांभळा रंग सोड्याच्या सान्निध्यात हिरवट होतो. बेरी पिठात न ढवळता तव्यावरच्या पिठावर टाकल्या असतील तर डाग कमी पडतात.

अंडी कशी हवीत असा प्रश्न येणारच. सनी साइड अप म्हणजे न उलटलेलं, बलक पातळ. ओव्हर ईझी म्हणजे उलटलेलं, बलक तरीही पातळ. ओव्हर हार्डमध्ये बलक पूर्ण शिजतो. भारतातून आलेल्या आई-बाबांना बहुधा हेच चालतं. सोबत हॅश ब्राउन्स (किसलेला बटाटा) की होम फ्राइज (फोडी), तेही विचारतात. हॅश ब्राउन्स घेणार असाल तर ‘वेल डन’ (नीट खरपूस भाजलेले) म्हणा. नाहीतर वरून कुरकुरीत आणि आत ओला किसलेला बटाटा येतो.

शाकाहारी मंडळींसाठी दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. पॅनकेकमध्ये अंडं असतंच. आणि ज्या तव्यावर बटाटा परततात, त्याच तव्यावर बहुधा बेकन-सॉसेजही भाजतात. ‘बेकनची चरबी लागते का’ हा प्रश्न तोंडी विचारलेलाच बरा. मेनूवर ते लिहिलेलं नसतं. बिस्किट अँड ग्रेव्ही हे नाव साधं वाटतं, पण ती पांढरी ग्रेव्ही सहसा पोर्क सॉसेजची असते, आणि बिस्किटात (हे आपलं बिस्किट नव्हे, मऊ पावासारखं असतं) लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. अंडंही चालत नसेल तर ओटमील, फळं आणि टोस्ट एवढ्यावर भागवावं लागतं. गहू टाळणाऱ्यांनी ऑम्लेटकडेही सावधपणे बघावं: 1958 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या आयहॉप या पॅनकेक साखळीच्या ऑम्लेटमध्ये पॅनकेकचं पीठ मिसळलेलं असतं. बकव्हीट (कुट्टू) पॅनकेकही बहुतेक ठिकाणी गव्हाच्या पिठाच्या मदतीनेच उभा राहतो.

डच बेबी हा ओव्हनमध्ये फुगणारा वेगळा प्रकार. 1953 मध्ये ओरेगॉनच्या पोर्टलंडमध्ये सुरू झालेल्या ओरिजिनल पॅनकेक हाउसच्या साखळीत तो आणि ओव्हनमधला सफरचंदाचा पॅनकेक हेच खरे आकर्षण. यात सोडा नाही, पावडर नाही. अंडी जास्त, पीठ पातळ, ओव्हन कडक. पाण्याची वाफ त्याला वाटीसारखा फुगवते. टेबलावर आला की दोन-चार मिनिटांत बसायला लागतो, तो दोष नव्हे. वरून लोणी, लिंबू, पिठीसाखर. वीस मिनिटं तरी लागतात, तेव्हा कॉफी मागवतानाच तो सांगून टाकावा. सफरचंदाच्याला त्याहून जास्त.

सिरपबाबत बहुतेक लोक फसतात. टेबलावरच्या छोट्या भांड्यातलं पॅनकेक सिरप म्हणजे कॉर्न सिरप आणि स्वाद. खरं मेपल सिरप वेगळे पैसे घेऊन छोट्या बाटलीत येतं. मेपलच्या झाडाच्या रसात साखर अवघी दोन टक्क्यांच्या आसपास. जवळपास चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं, म्हणून ते महाग. गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क अशा चार प्रतवाऱ्या आहेत. पॅनकेकला डार्क, कारण गोल्डनचा नाजूक स्वाद बटरमिल्कच्या आंबटपणाखाली हरवतो. लोणी आणि सिरप बाजूला द्यायला सांगा. आधी प्रत्येक थरात लोणी, मग सिरप, तेही कापलेल्या तुकड्यापुरतं. एकदम ओतलं की खालचा पॅनकेक लगद्यासारखा होतो.

रविवारी नऊ ते बारा ही वेळ टाळा, चर्च सुटल्यावरची गर्दी तेव्हाच असते. नाव यादीत लिहून घेतात, पण सगळे आल्याशिवाय टेबल देत नाहीत. पार्किंग शोधणाऱ्या एकासाठी पाच जण ताटकळतात. कॉफी बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा फुकट भरतात. कप पालथा ठेवला की थांबतात. बिल पुष्कळदा दाराजवळच्या गल्ल्यावर भरायचं. टिप त्यात धरलेली नसते. इलिनॉयमध्ये 2025 पासून किमान वेतन ताशी 15 डॉलर असलं तरी टिपवाल्या कामगारांना मालक 9 डॉलरपर्यंत देऊ शकतो. म्हणून करापूर्वीच्या रकमेवर अठरा ते वीस टक्के. न्याहारीचं बिल लहान असतं, पण कॉफी भरायच्या फेऱ्या जेवणापेक्षा जास्त होतात. टेबल अडवून तासभर बसलात तर वर दोन डॉलर आणखी ठेवा.