फोटोच्या कॅमेऱ्यावर लग्नाचं शूटिंग: आमची वाटचाल

अमळनेरात वडिलांनी स्टुडिओ टाकला तेव्हा मागच्या खोलीत लाल दिव्याची डार्करूम होती. वडिलांना चाळीसगावच्या केकी मूसांचं भारी कौतुक. टेबलावर देखावे मांडून घरातल्या घरात फोटो काढणारा माणूस आपल्या खान्देशात होऊन गेला, हे ते पासपोर्ट फोटोला आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकवत. मला मात्र फोटोपेक्षा शूटिंगमध्ये पैसा दिसत होता. माझ्या खांद्यावर पॅनासॉनिकचा एमडी १०००० व्हिडिओ कॅमेरा, एका पोराच्या हातात हॅलोजन, दुसरा वायर सांभाळायला, खिशात ६० मिनिटांच्या मिनी डीव्ही कॅसेट. अशी आमची वरात बरीच वर्षं चालली.

मग घरोघरी मोठे एलसीडी टीव्ही आले आणि आमचं पितळ उघडं पडलं. त्या कॅसेटवरचं चित्र ७२० बाय ५७६ चं. जुन्या डबा टीव्हीवर ते छान दिसायचं, पण नव्या पडद्यावर नवरीच्या नथीतले मोती वेगळे दिसेनात. पार्टी डीव्हीडी परत आणून काउंटरवर ठेवायची, "फिक्की निघाली भाऊ."

२००८ च्या ऑगस्टमध्ये निकॉनने डी ९० जाहीर केला. व्हिडिओ काढणारा तो पहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा, पण एचडी व्हिडिओ एका वेळी ५ मिनिटांचाच, आवाज मोनो. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क २ जाहीर केला, फुल एचडी. त्याची किंमत ऐकून वडील काही न बोलता दुकानाबाहेर जाऊन बसले. आम्ही थांबलो. २०१० मध्ये कॅननचा ५५०डी आला, तोही १९२० बाय १०८० काढणारा आणि आमच्या हिशेबात बसणारा. सोबत ५० एमएमची एफ १.८ लेन्स घेतली. त्या लेन्सनं नवरीचा हात, मेंदी, मागचे दिवे गोल गोल विरघळलेले, असं काही दाखवलं की मी रात्री दोनपर्यंत बायकोच्या हातांचेच व्हिडिओ काढत बसलो.

पहिलं काम पारोळ्याकडचं. मांडवात मुलीचे काका आले, कॅमेरा मागून-पुढून बघितला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, हाऊ ते फोटोना कॅमेरा शे. शूटिंगना कोठे शे?" एचडी काय असतं ते समजावत बसलो असतो तर मुहूर्त टळला असता. मी गाडीतून एमडी काढला आणि पोराच्या खांद्यावर दिला. आत कॅसेट नव्हती. काका निश्चिंत झाले. ही हुशारी मला अर्ध्या तासात महागात पडली.

मंगलाष्टकं सुरू झाली. गुरुजींची झाली, मग मावशीची, मग एका शिक्षक पाहुण्यांनी दोन्हीकडच्या सगळ्या सोयऱ्यांची नावं गुंफून स्वतः रचलेली म्हटली. त्या कॅमेऱ्यात कार्डावरची एक फाईल ४ जीबीपुढे जात नाही. फुल एचडीला मिनिटाला साधारण ३३० एमबी लागतात, म्हणजे १२ मिनिटं झाली की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. शिटी नाही, घंटा नाही, पडद्यावरचा लाल ठिपका तेवढा जातो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण माझं लक्ष अक्षता टाकणाऱ्या गर्दीकडे. अंतरपाट खाली गेला, माळा पडल्या, बँड वाजला, आणि मी बंद कॅमेरा डोळ्यापुढे धरून उभा.

आमच्याच फोटोवाल्याचे फोटो होते म्हणून वाचलो. फोटो सावकाश सरकवत खाली सनईचा आवाज जोडला. मुलीच्या वडिलांना खरं काय ते सांगितलं, बाकीतले निम्मे पैसे सोडले. ते रागावले नाहीत. "मनी पोर एकदाच लगीन करी," एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

तो सीझन शिकण्यातच गेला. ट्यूबलाइटखाली चित्रावर काळे पट्टे सरकायचे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेरा एनटीएससी या परदेशी टीव्ही पद्धतीवर, सेकंदाला ३० फ्रेमवर ठेवलेला. आपल्याकडच्या पाल पद्धतीवर आणून २५ फ्रेम आणि शटर १/५० केलं तेव्हा पट्टे गेले. सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे कॅमेरा झपकन फिरवला की मांडवाचे खांब तिरपे, आणि फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला की अर्धी फ्रेम पांढरी. बारीक चौकड्यांच्या शर्टावर तर रंगीत लाटा यायच्या. आवाजाची पातळी कॅमेरा स्वतःच ठरवायचा, बँड आला की दाबून टाकायचा, शांतता झाली की खरखर वर काढायचा. म्हणून एक छोटा रेकॉर्डर घेतला. तो गुरुजींच्या माइकजवळ ठेवायचा, सुरुवातीला एक टाळी वाजवायची आणि एडिटिंगला त्या टाळीवर चित्र-आवाज जुळवायचा. एकदा टाळी वाजवली तर सगळ्या पाहुण्यांनीही वाजवल्या.

एडिटिंगचंही तेच. कॅमेऱ्यातून निघणारी घट्ट दाबलेली एच.२६४ फाईल आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर अडखळत चालायची. आधी सगळं एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एव्हीआय फाईलमध्ये कन्व्हर्ट करायचं, मग कापायचं. रात्रभर कन्व्हर्जन, सकाळी हार्ड डिस्क फुल्ल, आणि मधे लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि ऊन. आपल्याकडे लग्नं मे महिन्यात, पारा ४४-४५ वर. सलग शूटिंग केलं की ५५०डीच्या पडद्यावर लाल थर्मामीटर उगवतो. एका पोरानं कॅमेरा थंड व्हावा म्हणून कूलरपुढे धरला, तर तुषार थेट लेन्सवर. शेवटी दुसरी बॉडी घेतली. एक चालू, एक बॅगेत सावलीला. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १०० आणि शटर १/५० ठेवलं की ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक होत एफ २२ च्या आसपास जातं आणि मागचं धूसर होईना, म्हणजे लेन्सची सगळी गंमतच संपते. मोठ्या छिद्राच्या एफ २.८ वर यायचं तर सहा स्टॉपचा, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारा, एनडी फिल्टर लागतो. लेन्सला गॉगलच म्हणा.

हे सगळं जमलं आणि आम्हाला वाटलं, आता गड सर. नवरी सुंदर, मागचं सगळं धूसर. पण एका आजोबांनी डीव्हीडी बघून दुकानात येऊन सांगितलं, "मांगे मना जवाई बठेल व्हतात, त्यासनं तोंडच दिखत नही." मी हसण्यावारी नेलं. त्याच महिन्यात दुसऱ्या घरूनही तीच तक्रार आली तेव्हा हसू गेलं. लग्नाची डीव्हीडी लोक नवरीसाठी एकदा बघतात आणि मग वर्षानुवर्षं कोण आलं होतं, कोण रुसलं होतं, कुणाच्या अंगावर कोणती साडी होती यासाठी बघतात. आम्ही नेमकं तेच पुसून टाकत होतो. आजकाल 'सिनेमॅटिक' नावाखाली जो-तो हेच करतो, त्यावर माझं मत चांगलं नाही.

तेव्हापासून वाटणी ठरली. मंगलाष्टकं, जेवणाच्या पंगती, आहेर, विदाई हे सगळं सरळसोट व्हिडिओ कॅमेऱ्यावर, लांबून, सगळे दिसतील असं. डीएसएलआर फक्त हळद, मेंदी, नवरदेवाचं तयार होणं आणि वरण-बट्टीच्या चुलीवरच्या ज्वाळा यांना. वीस-तीस सेकंदांचे तुकडे, एफ ४ च्या खाली जायचं नाही, कारण ५५०डीवर चालत्या माणसाचा फोकस हातानंच फिरवावा लागायचा.

तुकड्यांत काम करण्याच्या या सवयीनं आम्हाला दुसरा धंदा मिळाला, अहिराणी गाण्यांचा. यूट्यूबवर ती गाणी चालू लागली तसे गायक पोरं येऊ लागली. स्पीकरवर गाणं लावायचं, कपाशीच्या शेतात किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी एकेक ओळ ओठांवर घ्यायची. बारा मिनिटांची अडचण नाही, आवाजाची नाही, मागं जावई बसलेले नाहीत. लग्न नसलेल्या महिन्यांत दुकानाचं भाडं याच गाण्यांनी भरलं. उधारीही यातलीच जास्त, हेही सांगून टाकतो.

२०१३ मध्ये कॅननचा ७०डी आला आणि व्हिडिओत फोकस आपोआप धरू लागला. मग गावागावात कॅमेरे झाले, भाव पडले, आमची दोन पोरं स्वतःचं काम सुरू करून गेली. आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा वापरतो. पारोळ्याच्या त्या मुलीच्या धाकट्या भावाचं लग्न आम्हीच केलं. ऑर्डर द्यायला तीच आली होती, कडेवर पोरगी. "दादा, या टाइमला दोन कॅमेरे लावा, आणि दोघांत कॅसेट टाका," म्हणाली.

५५०डी अजून आहे. पासपोर्ट फोटोच्या स्टँडवर असतो, ग्रिपचं रबर सुटलंय. मोड डायलवर मी सेलोटेप मारलीय, कारण मध्यंतरी नव्या पोरानं चुकून व्हिडिओ चालू केला. एक म्हातारेबाबा आधारच्या कामाला फोटो हवा म्हणून आले होते. त्या व्हिडिओत ते दीड मिनिट पापणी न हलवता बसलेत, मग बाजूनं एक हिरव्या बांगड्यांचा हात येतो, टोपी सरळ करतो आणि निघून जातो.