मामांच्या डेअरीचा दर आणि इफ-एल्स

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या गावचं दूध संकलन मामा बघतात. मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दाखवतं, दर मात्र मामा दरपत्रकावर बोट फिरवून काढायचे. "कॉम्प्युटर शिकतीस नव्हं? मग हे बसवून दे की," म्हणाले. मी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा उघडली, पण पहिली संध्याकाळ मामांना प्रश्न विचारण्यातच गेली.

गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, म्हशीला ६ आणि ९. त्यामुळे पहिली अट जनावराची आणि फॅटची तुलना तिच्या आत. नाहीतर ५ फॅटचं दूध गायीचं म्हणून भारी की म्हशीचं म्हणून हलकं, हे प्रोग्रामला कसं कळणार?

खरा वेळ अटींच्या क्रमानं खाल्ला. इफ-एलिफच्या ('जर हे, नाहीतर जर ते') साखळीत वरून जी अट पहिली खरी ठरते तेवढीच चालते, खालच्या तपासल्याच जात नाहीत. '३ किंवा जास्त' वर ठेवलं तर ४ फॅटचं दूधही तिथंच अडकतं. एरर काहीच येत नाही, फक्त शेतकऱ्याचे पैसे कमी होतात. म्हणून मोठा आकडा वर.

"बरोबर साडेतीन आलं तर?"

"पूर्ण दर. त्यात काय विचारायचं?"

विचारायला हवंच होतं. 'पेक्षा जास्त' की 'जास्त किंवा बरोबर' ते त्यावरच ठरलं. पॉइंटमागं, म्हणजे ०.१ फॅटमागं, दर कापायचा तर वजाबाकी आली, आणि पायथॉनमध्ये ३.५ मधून ३.४ वजा केले की नेमके ०.१ उरत नाहीत. मग फॅट दहानं गुणून, राउंड करून पूर्णांकच ठेवला: ३५, ३४.

शेवटच्या एल्समध्ये (कुठलीच अट खरी नसली तर चालणारा भाग) सगळ्यात कमी दर टाकायचा मोह होतो. मी तिथं 'रीडिंग तपासा' लिहिलं. कुणी ३.५ ऐवजी ०.३५ टाइप केलं तर दर निघण्यापेक्षा काम थांबलेलं बरं. (पायथॉनच्या २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून मॅच-केस ही पर्याय निवडायची दुसरी रचनाही आहे, पण असल्या कमी-जास्तच्या अटींना इफच सुटसुटीत.)

पावती मराठीत हवी तशी कन्नडमध्येही. अटीच्या प्रत्येक फांदीत दोन-दोन प्रिंट घालण्यापेक्षा वाक्यं वेगळ्या डिक्शनरीत (नावानं मजकूर शोधता येणाऱ्या पायथॉनच्या यादीत) ठेवली. अटींनी फक्त दर ठरवायचा.

३.४, ३.५, ३.६ असे काठावरचे आकडे घालून उत्तरं दरपत्रकाशी ताडली. जुळली. तेवढ्यात मामा म्हणाले, "आणि मिक्स दूध आलं तर गं?"