तुम्ही विचारलंत म्हणून: गेममुळं लेकरू मारकुटं होतं का?

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलायला आलेले पालक काम होईपर्यंत स्टुलावर बसतात आणि हमखास विचारतात, "दादा, लेकरू रातरात त्या मारामारीच्या गेमवर असतंय. डोक्यावर परिणाम होतो का हो?"

मी आधी विचारतो, घरात नेमकं झालं काय? तर अभ्यास करत नाही, सकाळी उठत नाही, फोन काढून घेतला की अंगावर येतं. सगळं खरं, पण यात बंदूक कुठं आली? रात्रभर लुडो खेळून टेस्टमध्ये मार्क गेले असते, तर त्याला कुणी हिंसक म्हटलं नसतं.

आम्ही लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमवर कॉन्ट्रा खेळायचो. उन्हाळ्याची सुट्टी, चुलतभाऊ तिघं आणि रिमोट दोन. समोर येईल तो सैनिक उडवायचा, एवढंच काम. आजी मागं शेंगा फोडत बसलेली. तिला काळजी एकच, टीव्ही तापतोय. पुढं वाचलं की हाच गेम युरोपात विकताना जर्मनीतल्या कडक नियमांमुळं त्यातली माणसं काढून रोबो घातले होते, नावही बदलून 'प्रोबोटेक्टर' केलं होतं. चीनमध्ये 2019 साली पबजीच्या जागी जो गेम आला, त्यात गोळी लागलेला गडी हात हलवून निरोप घेतो. (मरणाऱ्याचा एवढा शिष्टाचार मी आमच्या गावात जेवणाच्या पंगतीतही पाहिला नाही.) आपल्याकडं 2021 मध्ये पबजीचाच भारतातला अवतार, बीजीएमआय आला, त्यात रक्त हिरवं. ज्याला ज्याची लाज वाटली, त्यानं ते झाकलं.

आणि पबजी हिंसेमुळं बंद झाला, ही समजूतही काढून टाका. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं 118 अ‍ॅप बंद केले, त्यात तो गेला, आणि कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं. मुलं बिघडतात म्हणून बंदी घातली होती ती त्याआधी, मार्च 2019 मध्ये, राजकोटच्या पोलिसांनी. खेळताना सापडलेल्या पोरांना पकडलंही होतं.

अभ्यासकांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं की असल्या गेमचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडासा संबंध दिसतो. पण त्यावरून खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे तुमचं लेकरू खेळताना ओरडतं, ते तुम्ही बरोबर ऐकलंत. त्यापुढं जे तुम्हाला दिसतं, ते बहुतेक भीतीपोटी.

मला मात्र दुसरंच खटकतं. आमच्या गावात बांधाच्या भांडणात भावकीवर कुऱ्हाड काढलेला एक म्हातारा आहे. पारावर बसून वीस वर्षं तो तीच गोष्ट रंगवून सांगतोय. लेकरं पुढ्यात बसून ऐकतात. त्यांना कुणी म्हणत नाही, उठा, डोक्यावर परिणाम होईल.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ पोराला घेऊन आले. फोनची काच कोपऱ्यापासून जाळ्यासारखी तडकलेली, फ्रेम वाकलेली. हातातून पडलेला फोन असा वाकत नाही. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "भिंतीवर मारला मीच. आणि ह्याच्याही दोन ठेवून दिल्या. लई हिंसक झालंय हे, त्या गेमपायी." पोरगं खाली मान घालून गालावर हात धरून उभं होतं. मी गुपचूप स्क्रू काढायला घेतले. गिऱ्हाइकाला काय बोलणार? पण तेव्हापासून कुणी 'हिंसक' म्हटलं, की मी त्या फ्रेमचा बाक आठवतो.

गेम चांगला, असं माझं म्हणणं नाही. रात्री दोनला खेळू नये, आठवीच्या पोरानं तासन्‌तास तर नाहीच नाही. बीजीएमआयनंच अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. माझ्या हिशेबानं तेही जास्तच. म्हणून डिस्प्ले बसवला की फोनमध्ये वेळेचं कुलूप मी फुकट लावून देतो. पासवर्ड आईला सांगतो. बापाला सांगून पाहिला होता. चार दिवसांत पोराला सांगून टाकला, कारण स्वतःच्या फोनचा रिचार्ज संपला होता आणि मॅच बघायची होती.