तुम्ही विचारलंत म्हणून: धडाधड चालणारी बारा बोर

‘काका, गेममध्ये असते ती ऑटोमॅटिक शॉटगन खरी असते काय? मग आर्मीत का दिसत नाही?’ कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या लेथवर हा प्रश्न ठरलेला. कधी कॉलेजची पोरं विचारतात, कधी बारा बोरचा परवाना बाळगणारी राधानगरीकडची शेतकरी मंडळी. बंदुकीच्या आत काय हलतं हे वाचायचा मला नाद आहे, हे सगळ्यांना ठाऊक झालंय.

तर, खरी असते. एक नव्हे, चार-पाच झाल्या. त्या सैन्यात चालल्या नाहीत याचा दोष मी बंदुकीला देत नाही, काडतुसाला देतो.

शॉटगन म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, आणि तिचं नेहमीचं माप बारा बोर. हे काडतूस जन्मलं शिकारीसाठी. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर, आत छर्रे, बुडाला बाहेर आलेली कड. दुनळी मोडून हातानं भरायची तर ती कड सोयीची, काडतूस नळीत आत घसरत नाही. पण हीच काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक रचली की एकाची कड दुसरीत अडकते. शिवाय पूर्वी टरफल कागदी असायचं. पहिल्या महायुद्धात अमेरिकनांनी विंचेस्टर 1897 ही पंपाची, म्हणजे नळीखालची मूठ हातानं मागंपुढं ओढून भरायची शॉटगन खंदकात नेली. घोडा दाबून धरला आणि नुसता पंप मारत राहिलं तरी प्रत्येक वेळी बार उडायचा. जर्मनीनं सप्टेंबर 1918 मध्ये तिच्याविरुद्ध रीतसर निषेध नोंदवला, अमेरिकेनं तो फेटाळला. इतकी जिची दहशत, तिची कागदी काडतुसं चिखलपाण्यात फुगून बसायची. शेवटी पितळी टरफलं काढावी लागली.

दुसरी अडचण अशी की काडतुसं एकसारखी नसतात. चिमणछर्ऱ्याचा हलका बार वेगळा, मोठ्या छर्ऱ्याचा भारी बार वेगळा. जी बंदूक स्वतःच्याच धक्क्यावर पुढचं काडतूस भरते तिला दोन्ही पचायला हवेत. 1902 पासून विकल्या गेलेल्या ब्राउनिंगच्या ऑटो-5 मध्ये यावर साधा तोडगा होता: आतली घर्षणाची कडी भारी बारासाठी एका जागी बसवायची, हलक्यासाठी दुसऱ्या. मला हे डोकं फार आवडतं. ब्रिटिशांनी मलायाच्या जंगलातही या बंदुका वापरल्या, पण ती अर्धस्वयंचलितच. एकदा घोडा, एक बार.

घोडा दाबून धरला की बारांवर बार, ही हौस व्हिएतनामच्या वेळची. रेमिंग्टननं आपल्या 1100 या शिकारी बंदुकीवरून 7188 बनवून नौदलाच्या सील कमांडोंना दिली. नळीखालच्या मॅगझिनमध्ये सात-आठ काडतुसं, आणि ती सेकंदभरात संपायची! मग शत्रूसमोर एकेक काडतूस बोटानं आत ढकलत बसा. त्यात यंत्रणा धूळ-चिखलाला नाजूक. मोजक्याच बनल्या.

मग 1972 च्या सुमारास मॅक्सवेल ॲचिसन या अमेरिकन बंदूक-रचनाकारानं मुळापासून नवी बंदूक मांडली. तिचे हक्क 1987 मध्ये टेनेसीतल्या मिलिटरी पोलीस सिस्टिम्स या कंपनीकडे गेले, आणि तिथल्या जेरी बेबरच्या लोकांनी पुढची अठराएक वर्षं तिच्यावर घालवली. तीच एए-12. हिच्यातली खुबी धक्क्याची. साध्या बंदुकीत मागं येणारा जड बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता ठोकळा, शेवटी मागच्या भिंतीवर आदळतो आणि तो दणका खांद्याला बसतो. इथं बोल्टला लांब वाट दिली आणि स्प्रिंग अशी जमवली, की भिंतीला टेकायच्या आत तो थांबून परत फिरतो. गगनबावड्याच्या घाटात कसलेला एसटी ड्रायव्हर वळणाच्या आधीपासून वेग मारत येतो, तसं. वेगही मुद्दाम कमी ठेवला, मिनिटाला सुमारे 300 बार. त्यामुळे एका हातानं झाडून दाखवतात ते प्रात्यक्षिक खोटं नाही. स्प्रिंगवर इतकं काम केलेलं बघून माझ्यासारख्याला भरून येतं.

पण हिशेब करा. मिनिटाला 300 म्हणजे सेकंदाला पाच. वीस काडतुसांचं गोल ड्रम चार सेकंदांत रिकामं. त्या वीस काडतुसांचं वजन किलोभर. तेवढ्याच वजनात रायफलीच्या ऐंशीएक गोळ्या येतात, आणि त्या काही शे मीटर जातात. छर्रे चाळीसेक मीटरपुढं विखरून निकामी. पाठीवर ओझं वाहणारा जवान काय निवडेल?

हे अमेरिकन लष्कराला कळत नव्हतं असं नाही. 1980 च्या दशकात त्यांनी काडतूसच बदलायचा घाट घातला. हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीच्या नमुन्यासाठी जास्त ताकदीची खास पितळी काडतुसं आली. माझ्या मते योग्य वाट हीच होती, पण प्रकल्प गुंडाळला. त्याच काळात दक्षिण कोरियाच्या देवूनं यूएसएएस-12 बनवली. आणि पोरांची लाडकी जॅकहॅमर? जॉन अँडरसनची ती, रिव्हॉल्व्हरसारख्या फिरत्या दहा खणांची. तिचे हातावर मोजण्याइतके नमुने बनले. नाव झालं ते गेममुळंच.

अमेरिकन मरीननी शेवटी घेतली इटलीच्या बेनेल्लीची एम1014, पुन्हा अर्धस्वयंचलित. शॉटगन लागते ती दाराचं कुलूप फोडायला, अरुंद खोलीत शिरायला, पहाऱ्याला. त्याला घोड्यामागं एक बार पुरतो.

राधानगरीकडच्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘परवान्यावर मिळंल काय?’ नाही. घोडा दाबलेला असेपर्यंत झाडत राहणारं हत्यार 1959 च्या शस्त्र कायद्यात प्रतिबंधित आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यात ते बसत नाही. आणि उसात गवा शिरला म्हणून विचारत असाल, तर गव्यावर साध्या दुनळीनं बार टाकला तरी वनखात्याची माणसं दारात येतील. तिथं फटाके आणि बॅटरीच.