फ्योर्ड, पाऊस आणि आठ जणांचं टेबल

साउदॅम्प्टनहून निघायचं, नॉर्वेतली स्तावांगर, फ्लोम, गायरांगर आणि बर्गन ही बंदरं करायची आणि पुन्हा साउदॅम्प्टनला यायचं, अशी आठवडाभराची क्रूझ आम्ही जूनमध्ये केली. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि माझी मोठी नणंद. त्यांना मी अजूनही वन्संच म्हणते. त्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो म्हणून साउदॅम्प्टन सोयीचं पडलं. तुमचं तिकडे कुणी नसेल तर कोपनहेगनहून किंवा जर्मनीतल्या कील, हॅम्बुर्गहून सुटणारी जहाजं आधी बघा. साउदॅम्प्टनहून जायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, वेगळा, म्हणजे दोनदा कागदपत्रं, दोनदा पैसे. डेन्मार्क, जर्मनी आणि नॉर्वे मात्र एकाच शेंगेनमध्ये येतात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, म्हणून त्याला शेंगेन लागत नसेल अशी काहींची समजूत असते. लागतो.

शेंगेनचं काम भारतातूनच उरकून निघा. पर्यटक म्हणून ब्रिटनमध्ये उतरल्यावर तिथून तो काढता येईल या भरवशावर राहू नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो आणि उन्हाळ्याच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं काम असतं. अर्जात मल्टिपल एंट्री, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत जाण्याची मुभा, मागा. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, पण तेवढ्यावर भागवू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल तुमच्याच खात्यावर चढतं, तेव्हा पॉलिसीत क्रूझचा स्पष्ट उल्लेख आहे ना ते वाचून घ्या.

आता मुख्य गोष्ट. बुकिंग करताना रात्रीच्या जेवणाबद्दल विचारतात: ठरलेली वेळ की मनाला येईल तेव्हा, आणि टेबल फक्त तुमचं की इतरांबरोबर. आमच्या एजंटने आपण होऊन ‘तिघांचं वेगळं टेबल’ अशी खूण केली होती. आपली माणसं बुजतात असा त्याचा अनुभव असावा. मी ते बदलून ठरलेली वेळ आणि आठ जणांचं टेबल मागून घेतलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण या सहलीत जे काही हाती लागलं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या टेबलावर लागलं. नाहीतर हजारो माणसांच्या जहाजात तुम्ही आठवडाभर फक्त लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघून हसता.

पहिल्या रात्री लीड्सकडचं एक आजी-आजोबांचं जोडपं शेजारी आलं. आजोबा निवृत्त बसचालक. आम्ही मुंबईकडचे म्हटल्यावर त्यांनी काटाचमचा खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला, ‘सचिन’. लीड्स ज्या यॉर्कशर परगण्यात येतं, त्याच्या क्रिकेट संघात यॉर्कशरमध्ये जन्मलेल्यांनीच खेळायचं हा त्या लोकांचा जुना बाणा. 1992 साली त्यांनी पहिल्यांदा परदेशी खेळाडू घेतला, तो एकोणीस वर्षांचा तेंडुलकर. आजोबांनी त्याला लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर बघितलेलं. त्यानंतर आमच्या घरातला अबोल गृहस्थ पुढच्या सगळ्या रात्री टेबलावरून उठायला तयार नसायचा.

दुसरं जोडपं लेस्टरचं, गुजराती. काका मूळचे कंपालाचे. 1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत युगांडा सोडायला लावला, तेव्हा ते शाळकरी पोर होते. दुकान, घर, गाडी सगळं मागे टाकून वडील इंग्लंडात उतरले आणि मोज्यांच्या कारखान्यात कामाला लागले. हे ते सूप पिता पिता, आपण पुण्याहून ठाण्याला आलो हे सांगावं तितक्या सहज सांगत होते. काकी मात्र त्या विषयावर चकार शब्द बोलल्या नाहीत. थेपल्यांबद्दल पुष्कळ बोलल्या.

आठवी खुर्ची ग्लासगोच्या एका निवृत्त नर्सबाईंची. त्या एकट्याच फिरतात. एकट्या माणसाला केबिनसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागतात, कधी कधी जवळजवळ दोघांचे. म्हणून त्या एकट्यांसाठी राखलेल्या छोट्या केबिन असणारंच जहाज शोधतात आणि फार आधी बुक करतात. जहाजावर एकट्या प्रवाशांसाठी सकाळी कॉफीला जमायचा कार्यक्रम असतो हेही त्यांच्याकडूनच कळलं. एकटं जायला कचरणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनी हे लक्षात ठेवावं.

त्या बाईंनीच वन्संना विणकामाच्या टेबलाशी नेलं. समुद्रावरच्या दिवशी, म्हणजे जहाज कुठेच थांबत नाही त्या दिवशी, एका कोपऱ्यात दहा-बारा बायका सुया घेऊन बसतात. वन्संचं इंग्रजी बेताचं, पण क्रोशाचा हात बघण्यासारखा. दुसऱ्या बैठकीला त्या शिकवत होत्या आणि मी दुभाषी म्हणून गेले तर मला हातानेच ‘तू जा’ म्हणाल्या.

समुद्राबद्दल. उत्तर समुद्र उथळ आहे, सरासरी खोली शंभर मीटरसुद्धा नाही. त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि खडबडीत होतात. ज्यांना बोट लागते त्यांनी केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. गोळ्या डॉक्टरांना विचारून भारतातूनच न्याव्या. आणि गंमत अशी की समुद्र उथळ असला तरी फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाड्या, खोल. फ्लोमला जाताना लागतो तो सोग्नेफ्योर्ड 1,300 मीटरहून खोल आहे. हिमनद्यांनी डोंगर कोरून काढले आणि मागाहून त्यात समुद्र शिरला. म्हणूनच एवढं धूड कड्याच्या इतक्या जवळून जाऊ शकतं.

बाल्कनीची केबिन घ्यावी का? माझं मत, नको. बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि फ्योर्ड दोन्ही बाजूंनी बघायचा असतो. ते पैसे वाचवून आतली केबिन घ्या. जूनमध्ये तिकडे रात्री अकरापर्यंत उजेड असतो आणि त्यानंतरही पुरता अंधार होत नाही, तेव्हा बिनखिडकीच्या केबिनमध्ये झोपही चांगली लागते. फक्त जहाज फ्योर्डमध्ये कधी शिरणार ती वेळ आदल्या रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेत बघा आणि गजर लावून वरच्या डेकवर या. गायरांगरला आम्ही पहाटे पाचला वर गेलो तर लीड्सचे आजोबा ड्रेसिंग गाऊनवर लोकरीची टोपी घालून आधीच जागा धरून उभे होते.

गायरांगर फ्योर्ड 2005 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा आणि त्याच्या समोर ‘प्रियकर’ नावाचा दुसरा, हे सगळेच फोटो काढतात. मला खिळवून ठेवलं ते कड्यांवरच्या ओसाड शेतघरांनी. सरळ उभ्या कड्यावर, पाण्यापासून शेकडो मीटर वर, एक-दोन लाकडी घरं आणि रुमालाएवढं हिरवं. मुलं खाली पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत. वर जायला एके ठिकाणी शिडी होती आणि सारा वसूल करणारा आला की ती वर ओढून घेत, असं सांगतात. काका म्हणाले, ‘ही कल्पना आमच्या लेस्टरमध्ये चालली असती.’

पण हे डोंगर निरुपद्रवी नाहीत. 1934 साली जवळच्या ताफ्योर्डमध्ये दरड पाण्यात कोसळली आणि उठलेल्या लाटेत चाळीस माणसं गेली. आजही ओकेरनेस नावाच्या डोंगराच्या भेगेवर चोवीस तास पाळत असते. तो सुटला तर गायरांगरपर्यंत लाट येईल. हे ऐकल्यावर त्या शांत पाण्याकडे बघणं जरा बदलतं.

इथे जहाज नांगर टाकून उभं राहिलं आणि किनाऱ्यावर छोट्या बोटींनी, टेंडरनी, जावं लागलं. टेंडरचे नंबर सकाळीच घेऊन ठेवा. गावात उतरल्यावर बसच्या सहलींच्या मागे न लागता धबधब्याच्या कडेने बांधलेल्या जिन्याने वर जा. तीनशेवर पायऱ्या आहेत, पण मध्ये थांबायला सज्जे आहेत आणि पैसे पडत नाहीत. वन्सं सावकाश चढून वर आल्या. आणखी एक, मनात असेल तर फार वर्षं लांबवू नका. या वारसा फ्योर्डमध्ये शून्य उत्सर्जनाचा नियम लहान प्रवासी जहाजांना 2026 पासून लागू होतो आणि मोठ्यांना 2032 पासून.

फ्लोमला आगगाडी करायचीच. वीस किलोमीटरमध्ये 866 मीटर चढते. आपल्या बोरघाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, हिचा अठरास एक, आणि तोही साध्या रुळांवर, मध्ये दात्यांची पट्टी नाही. नवरा रेल्वेतून निवृत्त झालेला, तेव्हा खिडकीबाहेरचे धबधबे त्याने पाहिलेच नाहीत, तो ब्रेकबद्दलच विचारत होता. तिकिटं ऑनलाइन आणि खूप आधी काढा. जहाज लागलं की ती संपतात, मग उरतात फक्त जहाजाच्या सहलीतली, महागडी.

जहाजाच्या सहलीबद्दल माझा नियम असा: बंदरापासून लांब जायचं असेल तरच त्यांची सहल घ्या. त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतःहून गेलात आणि उशीर झाला तर ते तुम्हाला सोडून निघतं. म्हणून स्तावांगरहून प्रेकेस्तोलेनचा कडा, 604 मीटर उंच आणि जाऊन-येऊन चार तासांची चाल, हा पायांवर आणि घड्याळावर विश्वास असेल तरच. आम्ही गेलो नाही. बंदराला लागूनच पांढऱ्या लाकडी घरांचं जुनं स्तावांगर आहे, तिथे भटकलो. तेल सापडण्याआधी हे गाव सार्डिन माशांच्या डब्यांवर जगत होतं, त्याचं छोटं संग्रहालय तिथेच आहे. आणि हो, नॉर्वेचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असतं. जहाजाचं घड्याळ कोणतं, हे उतरताना दारात विचारून घ्या.

बर्गनला पाऊस. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे जवळपास मुंबईइतकाच, फक्त आपल्याकडे चार महिन्यांत कोसळतो तो इथे बारा महिने वाटून येतो. छत्री वाऱ्याने उलटते, जॅकेट टोपीवालं घ्या. मध्ययुगातल्या हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या काळापासूनचा ब्रिगनचा धक्का आणि 320 मीटर उंचीवर नेणारी फ्लोयबानेन रेल्वे, दोन्ही चालत्या अंतरावर आहेत. मासळी बाजार बघावा, खाऊ नये. किमती ऐकून मालवणचं माझं माहेर उपाशी राहिलं.

पैसे बदलून नेऊ नका. स्वच्छतागृहापासून बसपर्यंत सगळीकडे कार्ड चालतं आणि नळाचं पाणी उत्तम असतं. फोन मात्र समुद्रावर फ्लाइट मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते आपोआप पकडलं की भारतातलं बिल बघवत नाही.

शाकाहाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही, पण ऐन वेळी मागून मिळत नाही. आमचा वेटर गोव्यातल्या सालसेतचा निघाला. त्याचे काका, वडील, सगळे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. माझं मालवणी आणि त्याचं कोकणी मध्यावर भेटलं. ‘माई, आदल्या रात्री सांगा, दुसऱ्या दिवशी करून देतो,’ असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि वरण-भात, भाजी, पोळीसारखं काहीतरी रोज आलं. नऊ महिन्यांच्या कंत्राटावर तो होता आणि चतुर्थीला घरी पोचायची त्याची गणितं चालली होती. अशा मुलांना आपुलकी दाखवताना त्यांचा वेळ खाऊ नका. त्याच्याकडे आमच्यासारखी कितीतरी टेबलं होती.

घरून शिजवलेलं अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, सीलबंद कोरडं चालतं. किटली आणि इस्त्री काढून घेतात. काकांनी दिलेली एक युक्ती सोन्यासारखी आहे: केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, चुंबकाचे हुक न्या, ओली जॅकेटं आणि पिशव्या टांगता येतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. औषधं, पासपोर्ट आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. जोडेसुद्धा. इतक्या क्रूझ केलेले लेस्टरचे काका शेवटच्या न्याहारीला कोट आणि केबिनच्या पांढऱ्या सपाता घालून आले आणि तसेच ब्रिटनच्या भूमीवर उतरले. हीथ्रोची बस साधारण दोन तास घेते, विमान दुपारनंतरचं घ्या.